काका, तुम्ही कंपनी बदलली तो हिवाळा

काका, परवा सकाळी काकू शिकागोला जातायत. तुमची लेक अनुजा त्यांना घेऊन जाणार आहे. तिकिटं काढून झाली, घर विकायला काढायचं म्हणून फोनही झाला. म्हणजे माझ्या हातात उद्याचा दिवस उरला. तेवढ्यात मला ठरवायचंय, काकूंच्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं ते.

प्रश्न साधा आहे. "शेवटी काय बोलले गं?"

पहिल्यांदा विचारला तेव्हा मी तुमच्या दारात उभी होते. अंगावर बर्फातले कपडे, मागे शेरीफचा पोलीस टोपी हातात घेऊन. मी म्हणाले, "काकू, नंतर सांगते." ते नंतर काही येत नाही. त्या रोज विचारतात. कोथिंबीर निवडताना विचारतात, शेजारणींनी आणून दिलेल्या चीज-बटाट्याच्या फिक्या कॅसरोलवर तिखट भुरभुरवताना विचारतात, आणि मी काहीतरी काम काढून उठते. काल कचऱ्याची पिशवी घेऊन बाहेर पळाले. बाहेर गेल्यावर पाहिलं, पिशवी रिकामी होती.

तुमच्याजवळ शेवटी मीच होते. दुसरं कोणी नव्हतं. आणि तुम्ही जे बोललात ते काकूंबद्दल नव्हतं, अनुजाबद्दल नव्हतं, देवाबद्दल तर नव्हतंच नव्हतं. तुम्ही स्नोमोबाइलबद्दल बोललात, बर्फावर पळवायच्या त्या मशीनबद्दल. कुठल्या कंपनीची चांगली आणि कुठल्या कंपनीची वाईट, त्याबद्दल.

आता हे मी त्या बाईंना कसं सांगू, काका?

अनुजानं परवा मला गॅरेजमध्ये गाठलं. तुम्हाला ठाऊक आहे ती कशी बोलते, इंग्लिशमध्ये सुरू करते आणि रडायला आलं की मराठीत येते. "संगीतामावशी, जस्ट टेल हर समथिंग. से ही सेड हर नेम. एवढंच. काय जातंय तुझं?"

"पण त्यांनी घेतलं नाही ना नाव."

"सो व्हॉट? कोण येणारे चेक करायला?"

बरोबर आहे तिचं. कोणी येणार नाही. पण काका, मला खोटं बोलता येत नाही, हा माझा काही सद्गुण नाही, सवय आहे. माझं तोंड तसं वळतच नाही. तुम्हीच म्हणायचात, "हिला चहा कसा झालाय विचारू नका, खरं सांगेल."

---

आपली ओळख झाली ती इथल्या एकुलत्या एक सुपरमार्केटात. मी नुकतीच आले होते. कॅलिफोर्नियात सांता क्लाराच्या कंपनीनं घरून काम करायची परवानगी दिली आणि त्याच वर्षी माझं लग्न मोडलं. नकाशावर जिथं मला ओळखणारं कोणी नाही असं गाव शोधलं, ते हे आयडाहोच्या डोंगरातलं. आणि पहिल्याच आठवड्यात भाजीच्या विभागात आईशी फोनवर बोलत असताना मागून आवाज आला, "अरे! मराठी!" वळून पाहते तर तुम्ही. पांढऱ्या मिशा, आणि अंगात स्नोमोबाइल कंपनीचं भडक जॅकेट.

"कुठली गं तू?"

"बार्शीची."

"आम्ही नागपूरचे. वडील काय करतात?"

हा प्रश्न आला की मी ताठ होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी लाजत सांगत नाही आणि कौतुक करून घ्यायलाही सांगत नाही. पण शिकल्या-सवरल्या घरातली माणसं तो प्रश्न विचारतात आणि उत्तर ऐकल्यावर जराशी जास्तच गोड होतात, ते मला सहन होत नाही.

"आठवडी बाजारात भांडी विकायचे," मी म्हणाले.

तुम्ही गोड झाला नाहीत. तुमचे डोळे चमकले. "म्हणजे तुला घासाघीस येत असणार! शनिवारी काय करतेस? मला नवी स्लेड घ्यायचीय आणि तो डीलर मला तीस वर्षं लुटतोय."

स्लेड म्हणजे स्नोमोबाइल, हे मला त्या शनिवारी कळलं. तुम्ही निवृत्त डॉक्टर, अख्ख्या गावाला भूल देऊन झोपवणारा माणूस, आणि डीलरसमोर तुमची मांजर झाली. मी म्हणाले, "काका, तुम्ही मध्ये बोलू नका." आणि बोलले. डीलरनं ट्रेलरवरचं झाकण फुकट दिलं, शिवाय तुमची जुनी मशीन परत घेताना जो भाव तो सांगत होता, तो ऐकून मीच म्हणाले की यापेक्षा मीच घेते.

अशी ती माझी झाली. घासाघीस करायला गेलेली बाई स्वतःच मशीन घेऊन परत आली. काकू दारात कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अहो, ही पण?"

डोंगरातली स्नोमोबाइल म्हणजे सपाट वाटेवरची नव्हे, हे मला तुम्ही शिकवलंत. सपाट वाटेवर बसून चालवायचं. डोंगरात उभं राहायचं. गुडघ्याएवढ्या भुसभुशीत बर्फात उताराला आडवं जायचं असेल तर दोन्ही पाय एकाच बाजूच्या फळीवर घ्यायचे, मशीन डोंगराकडे कलती करायची आणि तशीच कलती धरून अंगठ्यानं वेग सांभाळायचा. वेग कमी पडला की मशीन बर्फात रुतते, जास्त झाला की वरच्या झाडात. मी पहिल्या हिवाळ्यात चालवली कमी आणि फावड्यानं उकरून काढली जास्त. तुम्ही वर उभे राहून ओरडायचात, "काहून गं, थकली का? बार्शीची भांडी जड होती ना यापेक्षा?"

मी खालून ओरडायचे, "भांडी रुतत नव्हती!"

एवढं कोणी हसवलं नव्हतं मला, काका. लग्नात तर नाहीच. आणि एवढं कोणी माझ्याशी भांडलंही नव्हतं. आमच्याकडे आबा म्हणायचे, "तू शिकलेली, तुला जास्त कळतं," आणि विषय संपायचा. इथल्या ऑफिसात कोणी माझं म्हणणं खोडत नाही, 'इंटरेस्टिंग पॉइंट' म्हणतात आणि पुढे जातात. तुम्ही पहिले, ज्यांनी माझ्यासमोर बसून, हातातली पोळी तशीच ठेवून, "साफ चूक!" म्हटलं. मग तासभर का चूक ते सांगितलं. त्या दिवशी घरी जाताना मला वाटलं, या देशात मी आता खरी आले.

---

दोन हिवाळे मी तुमच्या कंपनीची मशीन चालवली. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. माझ्या नंतरच्या कंपनीचंही नाही. नाव काढलं की अजून मला वाद सुरू करावासा वाटतो, आणि समोरची खुर्ची रिकामी आहे.

तुमची कंपनी म्हणजे म्हैस. ताकदवान, न बिघडणारी, आणि वळायला नाखूश. सरळ चढावर तिच्यासारखी दुसरी नाही. पण ती कलती करायला खांदे लागतात, आणि माझे खांदे ते केवढे. सुरू करायचीही दोरी ओढून. दर शनिवारी संध्याकाळी माझे हात असे थरथरायचे की चमचा धरता येत नसे. मग एकदा दुसऱ्या कंपनीनं गावात मशीन चालवून बघा म्हणून दिवस ठेवला. मी गेले. बसले. बटण दाबलं, सुरू. उताराला आडवी घेतली, आणि काका, नुसतं कंबरेनं जरा झुकले तर ती झुकली. मी हेल्मेटच्या आत रडले. दोन वर्षं मला वाटत होतं, मला जमत नाही.

मी बदलली. तुम्हाला सांगायला आले तेव्हा तुम्ही पोहे खात होतात.

"पक्षांतर?" तुम्ही म्हणालात. "तू पक्षांतर केलंस?"

"काका, मशीन आहे ती."

"आमदारसुद्धा आधी हॉटेलात जाऊन बसतात गं, चार दिवस नाटक करतात. तू थेट शपथविधीच करून आलीस!"

आपण हसलो तेव्हा. पण तुम्हाला लागलं होतं. त्यात एक खरी अडचणही होती. या मशीनमध्ये इंजिनाची ताकद खालच्या फिरत्या पट्ट्यापर्यंत नेणारा एक रबरी बेल्ट असतो. तो तुटला की मशीन म्हणजे बर्फातलं लोखंड. म्हणून जास्तीचा बेल्ट नेतात. आपण एकाच कंपनीचे, तर दोघांत मिळून एक न्यायचो, तुमच्या पिशवीत. माझी कंपनी बदलल्यावर तुमचा बेल्ट मला बसेना, माझा तुम्हाला. पुढच्या शनिवारी तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "आपापला घ्या आता. चूल वेगळी झालीय."

आणि मग ते वाक्य. तुम्ही ते कधी मागे घेतलं नाहीत, आणि मी कधी विसरले नाही. काकू आत होत्या. मी म्हणत होते की कंपनीशी कसली निष्ठा, कंपनी आपल्याला ओळखते तरी का. तुम्ही एकदम म्हणालात, "तुला सवयच आहे सोडून जायची. गाव सोडलंस, नवरा सोडलास, कॅलिफोर्निया सोडलंस. आता हे."

मी म्हणाले, "सोडलं नसतं तर पातेली मोजत बसले असते." आणि उठून गेले.

तीन-चार आठवडे आपण बोललो नाही. मी एकटीच डोंगरात जात होते, जे कोणी करू नये, आणि तुम्हीही एकटेच जात होतात, हे मला मागून कळलं. शेवटी काकूंचा फोन आला. "तुमची काय ती कंपनी असेल ती असो. ये आणि जेव. हे माझ्याशी भांडायला लागलेत, मला त्यातलं काही कळत नाही."

मी आले तेव्हा तुम्ही अंगणात ट्रेलरखाली आडवे. माझी मशीन तुमच्या मशीनपेक्षा अंगानं वेगळी, ती त्या ट्रेलरवर शेजारी बसेना म्हणून तुम्ही बाजूच्या कड्या कापून नव्या लावत होतात. मी वर उभी. तुम्ही खालूनच म्हणालात, "विरोधी पक्षाला बाकं द्यावी लागतात. लोकशाही आहे." माफी नाही, काही नाही. त्या कड्या मी आज दुपारी पाहिल्या. एक जराशी वाकडी बसलीय.

त्याच दिवशी जेवताना तुम्ही सांगितलंत, तुम्हाला एवढं का लागतं ते. तुम्ही इथं आलात तेव्हा गावात तुम्ही 'तो इंडियन डॉक्टर' होतात. पेशंट यायचे, बरे व्हायचे, पण चहाला कोणी बोलवायचं नाही. त्या कंपनीच्या म्हाताऱ्या डीलरनं एका रविवारी तुम्हाला मागे बसवून डोंगरात नेलं, आणि सोमवारी हॉस्पिटलात लोक तुम्हाला पहिल्या नावानं हाक मारायला लागले. "ते जॅकेट घातलं ना, की मी त्यांच्यातला व्हायचो," तुम्ही म्हणालात. "तुला नाही कळायचं. तू कोणाच्यात जायला मागतच नाहीस."

मला कळलं होतं, काका. फार नीट कळलं होतं. मी फक्त म्हणाले नाही. भाजी वाढून घेतली. हे एक राहिलंच सांगायचं.

---

मग तुमच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं. दोरी ओढणं संपलं. गेल्या शरद ऋतूत फोन आला, "एकटी ये. गॅरेजच्या दारानं ये." मी आले. तुम्ही झाकण उचललंत आणि खाली माझ्या कंपनीची मशीन. पण तिच्यावरचं कंपनीचं नाव तुम्ही काळ्या टेपनं झाकलेलं. दोन्ही बाजूंनी, नीट, कात्रीनं कापून.

मी इतकी हसले की मला खाली बसावं लागलं.

"हे पक्षांतर नाही," तुम्ही बोट उगारून म्हणालात. "हा बाहेरून पाठिंबा आहे. आणि गावात बोललीस तर बघ."

"काका, पार्किंगमध्ये सगळ्यांना आकारावरून कळणार."

"त्यांना कळू दे. मला म्हणायचं नाहीये."

आणि खरंच तुम्ही म्हणाला नाहीत. ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला, पहिला बर्फ आला. तुम्ही त्या मशीनवर विशीतल्या पोरासारखे नाचलात. सुरू करताना दर वेळी तुमचा हात पुढे दोरीकडे जायचा, तिथं दोरी नाही, मूठ हवेत मिटायची, आणि तुम्ही शिवी देऊन बटण दाबायचात. मी दर शनिवारी विचारायचे, "काय, कशी आहे?" तुम्ही म्हणायचात, "ठीक आहे." मी म्हणायचे, "म्हणा ना एकदा." तुम्ही म्हणायचात, "काय म्हणू? बर्फ चांगला पडलाय यंदा."

मला ते ऐकायचंच होतं, काका. पोरकटपणा म्हणा. आबा म्हणायचे 'तुला जास्त कळतं', त्यात ते हरत नव्हते, ते खेळतच नव्हते. तुमच्यासारख्या माणसानं, पूर्ण ताकदीनं भांडून, मग हार मानावी, हे मला हवं होतं.

त्या दिवशी आपण वरच्या पठाराच्या मागच्या उतारावर गेलो. म्हशीवर तुम्हाला तो उतार कधी आडवा जमला नव्हता. तुम्ही खाली थांबलात, वर पाहिलंत, आणि मला काही न बोलता सुटलात. मी खालून पाहत होते. तुम्ही पूर्ण उतार कापलात, एका रेषेत, टोकाच्या झाडांशी वळलात आणि बर्फ उडवत परत आलात. माझ्याशेजारी येऊन मशीन बंद केलीत. हेल्मेट काढलंत. मिशीवर बर्फ. हसत होतात.

"संगे, तुझं बरोबर होतं गं. दोन हिवाळे फुकट भांडलो."

मग तुम्ही सीटवर आडवे बसलात, जसे नेहमी बसायचात थर्मास काढताना. आणि कलंडलात.

त्यानंतर लगेच जे झालं ते मला आत्ता लिहवत नाही. त्याच्या पुढचं लिहिते. सॅटेलाइटवरून मदत मागायच्या यंत्राचं बटण मी दाबलं. तुमची छाती दाबायला लागले तर मऊ बर्फात तुम्ही खाली जात होतात, मी दाबत होते आणि तुम्ही खाली जात होतात, माझा जोर तुमच्यापर्यंत पोचतच नव्हता. मग मी तुम्हाला काखेत धरून ओढलं. तुमच्या मशीननं येताना जी वाट दाबून घट्ट केली होती त्या वाटेवर आणलं. तिथं दाबत राहिले. हेलिकॉप्टर येईपर्यंत दाबत राहिले. त्यातल्या माणसानं माझे हात धरून बाजूला केले. नंतर म्हणाला, हृदय असं बंद पडलं की हॉस्पिटलच्या दारात पडला असतात तरी फरक पडला नसता. मी त्याला म्हणाले, "तुला काय माहीत?"

मला हवं होतं ते तुम्ही दिलंत आणि लगेच गेलात. कसलं जिंकणं हे? परत घ्या. मला नको. म्हणा, म्हैसच चांगली होती. मी ऐकून घेते, मी गप्प बसते, मी तुमच्या जुन्या कंपनीचं जॅकेट घालून गावभर हिंडते. काहीही करते.

आणि काकू. शिकागोला जाऊ, अनुजाजवळ राहू, तिथल्या देशी दुकानांच्या डेव्हन रस्त्यावर चालत जाऊन भाजी आणता येईल, माणसं दिसतील, असं त्या मी ऐकतेय तेव्हापासून म्हणतायत. तुम्ही म्हणायचात, "हा हिवाळा होऊ दे." त्यांना तुम्ही एकदाही 'तुझं बरोबर' म्हणाला नाहीत. आणि म्हणालात ते कोणाला, तर बाजूच्या गल्लीतल्या बाईला. एका मशीनवरून. हे मी सांगायचं त्यांना?

---

इथवर लिहिलं ते काल. आज सांगितलं.

स्वयंपाकघर आवरत होतो. अनुजा खोक्यांना टेप लावत होती. काकू डबे रिकामे करत होत्या, मी पुसत होते. गोडा मसाल्याचा डबा हातात धरून त्यांनी विचारलं, अगदी साधं, "संगीता, उद्या मी जाते. आता तरी सांग. काय बोलले?"

अनुजानं माझ्याकडे पाहिलं. मी कामाला उठू शकले असते. सिंक भरलेलं होतं. पण त्यांनी डबा खाली ठेवला आणि ओढणीनं हात पुसले, आणि मला वाटलं, या बाईला उद्यापासून हा प्रश्न विचारायला समोर कोणीही नसेल.

मी सांगितलं. सगळं. टेप, बटण, उतार, मिशीवरचा बर्फ. "संगे, तुझं बरोबर होतं गं. दोन हिवाळे फुकट भांडलो." तुमच्या आवाजात नाही जमलं, माझ्याच आवाजात सांगितलं.

काकूंनी विचारलं, "हसत होते?"

"हो."

"दमले होते?"

"नाही. खूश होते. एवढे खूश मी कधी पाहिले नव्हते."

"म्हणजे मी त्यांच्या मनातसुद्धा नव्हते."

"त्या वेळी नव्हता, काकू."

"मावशी!" अनुजा ओरडली. "व्हाय वुड यू—"

काकूंनी हात वर करून तिला थांबवलं. "असू दे. खरं बोलतेय ती. म्हणून तर तिला विचारलं, तुला नाही विचारलं." मग त्या खुर्चीत बसल्या. बराच वेळ टेबलावरची मसाल्याची पूड बोटानं गोळा करत राहिल्या. आणि म्हणाल्या, "बरं झालं, बाई."

मला कळेना.

"इतकी वर्षं डॉक्टरची बायको आहे मी. ऑपरेशनच्या आधीच्या गोष्टी सांगायचे हे. माणसाला कळलं ना, की आपलं काही खरं नाही, की तो घरच्यांची नावं घ्यायला लागतो. रागीट माणसंसुद्धा. बायकोचं घेतात, आईचं घेतात. ह्यांनी माझं नाव घेतलं नाही म्हणजे ह्यांना कळलंच नाही. मशीनबद्दल बोलत होते. हसत होते. भीती नाही वाटली ह्यांना." त्यांनी माझा हात धरला, मसाल्याच्या बोटांनी. "मी रोज तेच विचारत होते गं. मला माझं नाव नको होतं. घाबरले का, एवढंच हवं होतं."

मग त्या रडल्या, तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा मोकळ्या रडल्या, आणि नंतर म्हणाल्या, भूक लागलीय. अनुजानं खिचडी टाकली. दोनदा वाढून घेतलं त्यांनी. आत्ता त्या तुमच्या खुर्चीत झोपल्यायत, दुपारच्या उन्हात, तोंड उघडं टाकून, लहान मुलासारख्या.

आणि मी गॅरेजमध्ये बसून हे लिहितेय. काल लिहवलं नाही ते आता लिहिते. हे फक्त तुम्हाला, कारण तुमच्याशिवाय हे कोणाला माहीत नाही.

तुम्ही कलंडलात ते एकदम गेला नाहीत. मी तुमचं डोकं मांडीवर घेतलं. तुम्ही दातांनी हातमोजा ओढून काढलात आणि दोन बोटं स्वतःच्या गळ्यावर ठेवलीत, जशी हजारो माणसांच्या गळ्यावर ठेवली असतील तशी. मोजलंत. मग माझ्याकडे पाहिलंत. तुम्हाला कळलं होतं, काका. माझी बाही धरलीत तुम्ही, आणि ती पकड मी विसरू शकत नाही, कारण तशी पकड घाबरलेल्या माणसाची असते. तुमचे ओठ हलले. मी हेल्मेट काढून फेकलं, कान तुमच्या तोंडापाशी नेला. आवाज आला नाही. परत हलले. मग पकड सुटली.

काकूंनी विचारलं, काय बोलले. जे बोललात ते मी सांगितलं. ओठ हलले ते बोलणं नाही, असं मी स्वतःला सकाळपासून सांगतेय आणि ते मला पटत नाही. सांगितलं असतं तर कदाचित त्यांना त्यांचं नाव मिळालं असतं, पण मग ती भीतीसुद्धा मिळाली असती, कायमची. नाही सांगितलं तर त्या झोपतात. मी ठरवलंय, नाही सांगायचं. कधीच नाही. हे बरोबर आहे का चूक, यावर माझ्याशी तासभर भांडेल असं एकच माणूस होतं.

ते दोन अक्षरांचं होतं का, तीन अक्षरांचं? काकूंचं सुमन होतं का अनुजा होतं, का मलाच 'संगे' म्हणत काही सांगत होतात? रोज ते ओठ मी डोळ्यांपुढे आणते आणि रोज ते वेगळं काहीतरी म्हणतात.

काय म्हणत होतात, काका? जरा मोठ्यानं बोला ना.